भानावर येण्याची खोली

कोणत्याही इमारतीत शिरताना काकू आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते पाहायच्या. मग माणसं.

दवाखान्यात गेल्या की सगळ्यात वाईट खुर्ची शोधून तिच्यावर बसायच्या. पंख्याखालची जागा रिकामी असली तरी नाही. संडासाच्या दाराशी, जिथे आपलं नाव पुकारलेलं ऐकू येत नाही, तिथली.

नवीन बांधलेल्या खोलीत सरळ जमिनीवर आडव्या व्हायच्या. कपड्यांना सिमेंट लागायचं. "झोपलेल्या माणसाला छतच दिसतं," म्हणायच्या. दिवा डोळ्यांवर आला की तिथूनच इलेक्ट्रिशियनला हाक.

तपासणीच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायच्या आणि आतून मोठ्याने स्वतःचं वय आणि वजन सांगायच्या. मी बाहेर उभी. "काय ऐकू आलं?" मी वजन बरोबर सांगितलं की भिंत नापास.

केसात पेन्सिल खोचून विसरायच्या, मग दुसरी खोचायच्या. फोन ठेवताना "ठेवते" कधी म्हणाल्या नाहीत. हॉटेलात बसण्याआधी टेबल भिंतीकडे सरकवायच्या. वेटर बघत राहायचा. "इथून चाकाची खुर्ची जात नाही," त्या त्याला समजावायच्या. चाकाची खुर्ची आमच्यापैकी कुणाचीच नसायची.

'पेशंट' हा शब्द नकाशावर लिहायच्या. बोलताना 'आपला माणूस'.

हे सगळं भूतकाळात लिहिताना चुकल्यासारखं होतं. काकू आहेत. ठणठणीत आहेत. फक्त यातलं काही आता करत नाहीत.

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम. ए. केलं आणि नोकरी शोधू लागले, तेव्हा ही खोली मिळाली. वर जाणारा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो. खाली तिघं. काकू, काका आणि काकांची आई. काका बँकेतून निवृत्त झालेले, शब्दकोडी सोडवणारे. आजी अंगाने काटक, जिभेने तिखट. सकाळी वेणी घातल्याशिवाय आजी खोलीबाहेर येत नसत. दूधवाल्यालाही त्यांनी कधी विस्कटलेल्या केसांनी दर्शन दिलं नाही.

काकू दवाखान्यांचे नकाशे करतात हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. एका कंपनीत होत्या. मालकांना सगळे साहेब म्हणायचे. साहेब गिऱ्हाईक आणायचे, काकू आखायच्या. मोठमोठी हॉस्पिटलं नाहीत. ओपीडी, म्हणजे लोक येतात, डॉक्टरांना दाखवतात, जातात, ती जागा. आणि डे केअर. सकाळी यायचं, लहानसं ऑपरेशन करून घ्यायचं, संध्याकाळी घरी जायचं.

"मोठ्या हॉस्पिटलात माणूस खाटेवर असतो. त्याला हवं तसं हलवता येतं," काकू म्हणाल्या होत्या. "ओपीडीत तो पायांवर असतो. पायांवरचा माणूस नकाशाचं ऐकत नाही."

एके दिवशी त्यांनी खिडकीतून हाक मारली. "अगं ए साहित्य, खाली ये."

तेव्हापासून माझं नाव तेच.

त्यांना एक टिपण लिहून हवं होतं. शहरातल्या एका जुन्या हॉस्पिटलने आवारात नवी इमारत बांधायला काढली होती. तळमजल्यावर ओपीडी, मागच्या बाजूला डे केअर. नकाशाबरोबर समितीला समजेल असं काहीतरी लिहून द्यायचं होतं. काकूंना आखता यायचं, लिहिता यायचं नाही. दोन ओळी लिहिल्या की तिसरीत बाण काढायच्या.

"'सोयीसुविधा' हा शब्द आला की मी कागद फाडणार," त्या म्हणाल्या. "आणि मला घरात काकू म्हण. साइटवर मॅडम. नाहीतर उद्या गवंडी मला काकू म्हणतील आणि एक भिंत सरळ उभी राहणार नाही."

गवंडी त्यांना काकूही म्हणत नव्हते आणि मॅडमही. पाठीमागे म्हणायचे उंबरठाबाई. हॉस्पिटलच्या दाराला उंबरठा चालत नाही. स्ट्रेचरचं चाक अडतं आणि टाके घातलेल्या माणसाला धक्का बसतो. हे नकाशात लिहिलेलं असायचं. तरी गवंडी उंबरठा घालायचेच. काकू तो फोडायला लावायच्या.

"हात आपोआप वळतो हो मॅडम," एक म्हातारा गवंडी म्हणाला होता. "उंबरठ्याशिवाय दार म्हणजे ओठाशिवाय तोंड. बघवत नाही."

"तुमच्या घराला दोन घाला," काकू म्हणाल्या. "हा फोडा."

टिपण लिहिण्याआधी त्यांनी मला जुन्या ओपीडीत नेऊन बसवलं. काही करायचं नाही, फक्त बघायचं. मी बघितलं. सकाळी दारं उघडली आणि सगळा दिवस एकदम आत आला. केसपेपरच्या खिडकीशी रांग. ती रांग औषधांच्या रांगेला जाऊन भिडलेली. कुठली कुठे संपते ते उभ्या माणसांनाही ठाऊक नव्हतं. एका बाईने बराच वेळ औषधांच्या रांगेत उभं राहून केसपेपर मागितला. खिडकीतल्या माणसाने मान न उचलता शेजारी बोट दाखवलं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"हिशोब काय करतात माहितीये?" काकू म्हणाल्या. "दिवसभरात येणारी माणसं भागिले तास. म्हणजे तासाला इतकी. म्हणजे इतक्या खुर्च्या. कागदावर सगळे बसतात. पण माणूस भागाकाराने येत नाही. दुखत असतं, तो पहाटेच उठून बसलेला असतो. तो दारं उघडण्याच्या आधी येतो."

मग त्यांनी मला हॉलच्या टोकाचं एक दार दाखवलं. त्या दारातून मधूनमधून एखादा माणूस बाहेर येत होता. हॉस्पिटलचा गाऊन, त्यावर घरचा शर्ट, हाताला सुई काढल्याची पट्टी. पाय अडखळत. कुणा नातेवाइकाने काखेत हात घालून धरलेला. हॉलमधले सगळे मान वळवून बघायचे. ज्यांचं ऑपरेशन उद्या होतं, ते जास्तच.

"डे केअर," काकू म्हणाल्या. "आत आठ खाटा. भूल उतरली की खाट रिकामी करायची, पुढचा माणूस तयार असतो. पण भूल उतरली म्हणजे माणूस शुद्धीवर आला. भानावर नाही आला. त्याला अजून तास दीड तास लागतो. तो कुठे घालवायचा?"

मी हॉलकडे पाहिलं.

"हो. इथे. या सगळ्यांसमोर."

त्या थांबल्या. मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं. आजींचं हर्नियाचं ऑपरेशन इथेच झालं होतं. काका औषधं आणायला गेले होते. आजींना त्या दाराबाहेरच्या बाकावर आणून बसवलं. केस सुटलेले, गाऊनच्या नाड्या मागून उघड्या. तिथे त्यांना उलटी झाली. भरल्या हॉलमध्ये. समोरच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतली एक बाई बसली होती. तिने येऊन तोंड पुसलं, गाऊन सावरला. चांगलंच केलं. पण आजी पुढे कित्येक महिने त्या बाईच्या घरावरून गेल्या नाहीत. भाजीला लांबच्या रस्त्याने जायच्या.

"ऑपरेशन उत्तम झालं होतं हो," काकू म्हणाल्या. "टाके तर दिसतही नाहीत."

नव्या नकाशात काकूंनी एक खोली काढली होती. डे केअरच्या खाटा आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये. मागे रेलता येतील अशा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी नातेवाइकासाठी एक स्टूल. पडदे. एक न्हाणीघर, कपडे बदलायला आणि तोंड धुवायला. केस विंचरायला आरसा. सिस्टरला सगळे दिसतील अशी टेबलाची जागा. आणि तिथून बाहेर पडायचं वेगळं दार, जे ओपीडीच्या हॉलमध्ये नाही, मागच्या अंगाला उघडतं. समोर गाडी उभी राहील एवढी सावली. माणूस भानावर येईल, स्वतःचे कपडे घालेल आणि स्वतःसारखा दिसत घरी जाईल.

एवढीच गोष्ट होती. या एका खोलीसाठी पुढचं सगळं झालं.

खोलीला नाव नव्हतं. काकूंनी मला विचारलं. मी 'विसावा' सुचवलं.

"वृद्धाश्रम वाटतो."

"सायंतारा?"

"तिथे बिअर मिळते."

"भान?"

"दारू सोडवायचं केंद्र. तुला एम. ए. कुणी केलं गं?"

काका शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "आडवे, चार अक्षरं, जिथे बसून माणूस घरच्यांच्या नावाने बोटं मोडतो."

"तू गप्प बस," आजी त्यांना म्हणाल्या. "आणि सूनबाई, माझं झालं गेलं. आता माझ्या नावाने भिंती बांधत बसू नकोस."

"तुमच्या नावाने नाही बांधत, आई."

"मग चेहरा कशाला असा केलास?"

साहेबांकडे नकाशा गेला आणि नावाचा प्रश्न आपोआप सुटला. हॉस्पिटलने दिलेल्या गरजांच्या तक्त्यात अशी खोलीच नव्हती. नोंदणी होती, प्रतीक्षा होती, तपासणी, ऑपरेशन, आणि भूल उतरण्याच्या खाटा. खाटा मोजल्या जातात. या खोलीत खाट नव्हती, खुर्च्या होत्या. तक्त्याच्या दृष्टीने माणूस खाटेवर असतो, नाहीतर वाट बघत असतो. तिसरी अवस्था नाही.

"बाई, खोली छान आहे," साहेब म्हणाले. "पण ही दाखवली की समिती विचारणार, ही कुठून आली? मग चर्चा. मग डॉक्टर म्हणणार, जागा उरलीये तर आम्हाला एक केबिन द्या. तुम्हाला माहितीये ना. खुर्च्याच आहेत ना? प्रतीक्षा लिहा. प्रतीक्षा एक, प्रतीक्षा दोन. कुणी बघणार नाही."

काकू घरी आल्या. मग टेबलावर नकाशा पसरला, खोडरबराने जागा साफ केली आणि लिहिलं, 'प्रतीक्षा २'.

"पाटी काय, नंतरही बदलता येते," त्या म्हणाल्या. "एकदा भिंती उभ्या राहू देत."

या कामातल्या लोकांना ही सवयच असते. नको त्या प्रश्नाला तोंड द्यायला लागू नये म्हणून खोलीला भलतं नाव द्यायचं. झाडूची खोली मागितली तर मिळत नाही, म्हणून 'विद्युत कक्ष' लिहायचं आणि त्यात झाडू ठेवायचे. सिस्टरला जेवायला जागा हवी तर 'साठवण'. काकूंनी आयुष्यभर अशा खोल्या भलत्या नावांनी वाचवल्या होत्या. त्यांना ते फसवणं वाटत नव्हतं. मांजरीने पिल्लू तोंडात धरावं तसं त्या खोली धरायच्या.

मग त्यांनी फक्कीचा दिवस ठरवला. ही त्यांची स्वतःची पद्धत. समितीला नकाशा कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कागदावर सगळे मान डोलावतात आणि इमारत उभी राहिली की विचारतात, हे इतकं लहान का? म्हणून त्या हॉस्पिटलच्या गाड्या लावायच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने अख्खा नकाशा खऱ्या मापाने आखायच्या. भिंतीच्या जागी रेघ, दाराच्या जागी मोकळी जागा. आणि डॉक्टर, सिस्टर, सफाई कामगार, सगळ्यांना त्यातून चालायला लावायच्या. रेघ ओलांडायची नाही. ओलांडली की "भिंतीतून गेलात, परत या."

त्या दिवशी रविवार होता. सगळे हसत होते. हाडांचे डॉक्टर दोनदा भिंतीतून गेले. केसपेपरच्या खिडकीशी खरोखरच रांग झाली आणि ती खरोखरच औषधांच्या रांगेला भिडली नाही, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला पेशंट केलं होतं. मला सारखं बसवत होते.

डे केअरच्या वेळी काकूंनी खरं स्ट्रेचर मागवलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "तुम्ही झोपा."

"मी? अहो, मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच झोपा."

व्यवस्थापक झोपले. जाडजूड मनुष्य. टाय पोटावरून एका बाजूला घसरला. दोन सिस्टर ढकलू लागल्या. काकूंनी आधी जुन्या पद्धतीने न्यायला लावलं. खाटांच्या खोलीतून ओपीडीच्या हॉलमध्ये. हॉलमध्ये आम्ही सगळे उभे होतो. आम्ही खाली त्यांच्याकडे पाहिलं. काही जण हसले. व्यवस्थापक आधी हसले, मग त्यांनी टाय सरळ केला, मग डोळ्यांवर हात आडवा घेतला.

"ऊन लागतंय," ते म्हणाले.

ऊन नव्हतं. ढग होते.

मग काकूंनी त्यांना परत नेलं आणि नव्या खोलीतून न्यायला लावलं. खुर्चीत बसवलं. डे केअरच्या मुख्य सिस्टरने पाणी दिलं. कुणी बघत नव्हतं. ते जरा वेळ तसेच बसले. मग उठले, मागच्या दाराच्या मोकळ्या जागेतून बाहेर गेले आणि तिथे खरंच त्यांची गाडी उभी होती. काकूंनी ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं होतं.

"हे पटलं," ते म्हणाले. "हे ठेवा बाई. हे काहीही झालं तरी ठेवा."

त्याच दिवशी गाडीच्या बॉनेटवर नकाशा ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या. मुख्य सिस्टर काकूंना बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? इतकी वर्षं त्या दारातून माणसं बाहेर सोडताना मी तोंड फिरवून घेते."

घरी येताना काकूंनी स्कूटर एवढी जोरात चालवली की मी डोळे मिटून घेतले होते. त्या गात नव्हत्या, पण हॉर्न ताल धरून वाजवत होत्या.

इमारत जोत्यापर्यंत आली. खांब उभे राहिले. मी टिपण लिहून दिलं, त्यात 'सोयीसुविधा' नव्हतं, त्याचे थोडे पैसेही मिळाले. काकू रोज साइटवर जायच्या. उंबरठे फोडले जात होते. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

मग औषधांच्या दुकानाला मोठी जागा हवी झाली.

विश्वस्तांची बैठक झाली. काकू मला बरोबर घेऊन गेल्या, काही लिहायचं पडलं तर. मोठं टेबल, साहेब आणि व्यवस्थापक आधीच बसलेले. चहा आला, बिस्किटं आली. औषधांच्या दुकानाचा विषय निघाला. एका विश्वस्तांनी नकाशा फिरवून स्वतःकडे घेतला. चष्मा कपाळावर चढवून बोट ठेवलं.

"इथे प्रतीक्षा. इथे परत प्रतीक्षा. दोन कशाला? लोकांना आपण वाट बघायला बोलावतो की बरं व्हायला?"

सगळे हसले. खरंच चांगला विनोद होता.

"ही दुसरी काढली तर दुकान नीट बसतंय," दुसरे म्हणाले.

काकू उभ्या राहिल्या. "ती प्रतीक्षा नाही."

"लिहिलंय तसं."

"लिहिलंय. पण ती प्रतीक्षा नाही. ऑपरेशननंतर माणसाला भानावर यायला..."

"त्यासाठी खाटा आहेत की. आठ. पैसे मोजून घेतोय त्या."

"खाटेवरून उठल्यानंतरचं बोलतेय मी."

"उठल्यानंतर माणूस घरी जातो," विश्वस्त म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच एवढंच माहीत होतं.

काकूंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. व्यवस्थापक बिस्किटाचा तुकडा चहातून बाहेर काढत होते. तो तुटून आत पडला. ते चमच्याने काढू लागले.

"खोली उपयोगी आहे," ते म्हणाले. "म्हणजे, होती. पण मंजुरी प्रतीक्षा म्हणूनच आहे, हेही खरंय."

"मग मी नाव बदलते," काकू म्हणाल्या. "आत्ता बदलते." त्यांनी केसातली पेन्सिल काढलीसुद्धा.

साहेबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हळूच. "बाई, आतली भिंत सरकवली तर कुणी विचारत नाही. नव्या नावाची खोली आली की पुन्हा मंजुरी. महापालिकेची फाईल परत पहिल्यापासून. खांब उभे आहेत. कोण थांबवणार?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, प्रतीक्षा लिहा."

"मी सांगितलं," साहेब म्हणाले. "लिहिलं तुम्ही."

काकू खाली बसल्या. पुढचा विषय लिफ्टच्या रंगाचा होता. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. राखाडी की फिकट निळा. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठलाही." मी त्यांना 'कुठलाही' म्हणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

बाहेर जिन्यात व्यवस्थापक मागून आले. "बाई, मला मनापासून पटलं होतं. तुम्ही बघितलंत. पण दोन प्रतीक्षा का म्हणून विचारलं तर मी काय सांगणार? मी स्ट्रेचरवर झोपलो होतो, हे सांगू?"

"हो," काकू म्हणाल्या. "तेच सांगायचं होतं."

काकू थांबल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्यांनी सगळं करून बघितलं. साहेबांशी भांडल्या. मुख्य सिस्टरला अर्ज करायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, मला अजून सात वर्षं इथेच काढायचीयत," आणि तिचंही चूक नव्हतं. दुकान दुसरीकडे बसवून दाखवणारे तीन नकाशे केले. साहेबांनी पाहिले, चांगले आहेत म्हणाले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. त्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा होता.

घरात जेवताना काकू ताटाकडे बघत होत्या.

"चूक माझी आहे," म्हणाल्या. "भिंत वाचवायला गेले आणि नाव सोडलं. नाव असतं तर भांडता आलं असतं. आता कशासाठी भांडू? वाट बघण्यासाठी?"

"अगं, पण दुसऱ्या कामात घे ना ही खोली," काका म्हणाले. "पुढच्या हॉस्पिटलात. त्या वेळी खणखणीत नाव दे."

"पुढच्यातही साहेब हेच सांगतील. आणि मीही हेच लिहीन. तीस वर्षं हेच करतेय. झाडू विद्युत कक्षात ठेवतेय."

काकांनी भात वाढला.

आजी जेवण संपवून हात धुवून आल्या. काकूंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "पोरी," म्हणाल्या. आजींनी त्याआधी त्यांना पोरी म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. "मी लांबच्या रस्त्याने जायचे ना, ते तुला कळलंय हे मला माहीत नव्हतं. मी म्हणायचे, भाजी तिकडे स्वस्त मिळते."

"तिकडे महाग मिळते, आई."

"हो. महाग मिळते."

आजी आपल्या खोलीत गेल्या.

साहेबांचा निरोप आला. सुधारित नकाशा हवा. साइट थांबली आहे. दुकान वाढवा, प्रतीक्षा दोन काढा, डे केअरचं दार ओपीडीच्या हॉलमध्ये उघडा. पूर्वीसारखं.

काकूंनी काम घरी आणलं. त्या आधी पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर काढायच्या, मग ऑफिसातला ड्राफ्ट्समन ते कॉम्प्युटरवर चढवायचा. शनिवारी दुपारी त्या टेबलाशी बसल्या होत्या. मी जिन्यावरून उतरताना पाहिलं. दुकान आखून झालं होतं, शेल्फांसकट. मी चहा विचारला. नको म्हणाल्या. मी माझ्या मुलाखतीला गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा काका दारात उभे होते.

"ताईकडे गेली," म्हणाले. काकूंची मोठी बहीण दुसऱ्या गावात असते. तिच्या नवऱ्याचा कपाटं आणि स्वयंपाकघराचे कट्टे बनवायचा कारखाना आहे. "बॅग भरली. मला म्हणाली, डाळ भिजत घातलीय. स्टँडवर सोडू का विचारलं, तर नको म्हणाली."

"परत कधी येणार?"

"ते मी विचारलं नाही." मग जरा वेळाने, "विचारायला हवं होतं का गं?"

मी भिजत घातलेली डाळ बघायला आत गेले. मी मुलाखतीत साहित्य आणि समाज यांच्या संबंधावर बरंच बोलून आले होते.

साहेबांना काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मी येणार नाही. साहेबांना वाटलं, सोमवारी. मग वाटलं, या आठवड्यात. आता ते मला विचारतात. मी त्यांना बहिणीचा नंबर दिला. त्यांनी लावला. काकू म्हणाल्या, कट्ट्याची उंची मोजतेय, नंतर बोलते, आणि ठेवला.

मीही एकदा लावला. काकू मजेत बोलल्या. कपाटाला कुणी समिती नेमत नाही, म्हणाल्या. बाई येते, म्हणते मला वरच्या फळीपर्यंत हात पोचत नाही, आपण फळी खाली घेतो, झालं. मी विचारलं, आणि नकाशा? पलीकडे करवतीचा आवाज येत होता. "कुठला?" त्या म्हणाल्या. आठवला नसेल असं मला वाटत नाही.

त्यांचं टेबल तसंच आहे. काका त्याला हात लावू देत नाहीत, म्हणजे आजींना. आजी रोज त्यावरची धूळ झटकतात, कागदाला न लावता.

ट्रेसिंग पेपर चार कोपऱ्यांना चिकटवलेला आहे. ओपीडी पूर्ण आहे. नोंदणी, प्रतीक्षा, तपासणीच्या खोल्या, संडास, सगळी दारं योग्य बाजूला उघडणारी. औषधांचं दुकान पूर्ण आहे. ऑपरेशनची खोली पूर्ण आहे. आठ खाटा आखल्या आहेत, प्रत्येकीला सलाइनचा स्टँडसुद्धा. खाटांच्या खोलीची हॉलकडची भिंत दोन्ही टोकांकडून आखत आणली आहे आणि मध्ये सोडली आहे. तिथे दार काढलेलं नाही. भिंतही नाही.

काकांनी या कागदाचा फोटो साहेबांना पाठवल्यापासून साइटचा सुपरवायझर काकांच्या फोनवर फोन करतो. आज मी उचलला.

"हॅलो, तेवढं एकच दार राहिलंय बघा," तो म्हणाला. "गवंडी बसून आहेत. मॅडमनी कुठे काढायचं ठरवलं होतं?"

मी म्हणाले, बघून सांगते. फोन तसाच चालू ठेवून मी टेबलाशी आले. अजून बघतेय.